मारला गेला येशू, मग पराभव सैतानाचा कसा?

प्रश्न असा आला आहे: "दर उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) आमच्या मंडळीत सांगतात की वधस्तंभावर येशूने सैतानाचा पराभव केला. पण त्या दिवशी मेला तो येशू. शिष्य पळाले, रोमन सुभेदार पिलात खुर्चीवर कायम राहिला, याजकांनी सण पाळला. विजय म्हणायचाच तर रविवारच्या पुनरुत्थानाला म्हणा, शुक्रवारला कशासाठी? आणि विजय झालाच असेल तर दोन हजार वर्षांनंतर जगाची ही अवस्था का?"

मी पाळक आहे आणि सिद्धांताचे वर्ग घेण्याचे कामही बरीच वर्षे करतो. या प्रश्नाला व्यासपीठावरून सहसा मिळणारे उत्तर म्हणजे "शुक्रवारी हरला, रविवारी जिंकला." ऐकायला सोपे आहे, पण नवा करार असे म्हणत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 12 व्या अध्यायात येशू म्हणतो की आता या जगाचा अधिपती बाहेर टाकला जाईल, आणि लगेच पुढे स्वतःच्या उंच केले जाण्याबद्दल बोलतो. कोणत्या मरणाने आपण मरणार हे त्याने त्यातून सुचवले, असा खुलासा योहान स्वतःच करतो. कलस्सैकरांस पत्रात प्रेषित पौल तर विजयाची मिरवणूकच वधस्तंभावर काढतो. म्हणजे दावा शुक्रवारचाच आहे. तो कळायचा असेल तर दुष्टाईचे बळ नेमके कशात असते, इथून सुरुवात करावी लागते.

आधी वधस्तंभ म्हणजे काय होते ते पाहू, कारण गळ्यातल्या सोन्याच्या क्रॉसने आपली नजर बिघडवली आहे. नुसते मारायचे असते तर रोमकडे तलवार होती. वधस्तंभ होता तो लोकांना दाखवण्यासाठी. गुलाम, बंडखोर आणि ज्यांना कोणी वाली नाही अशांना रहदारीच्या रस्त्याकडेला, नागडे करून, तासन्‌तास किंवा दिवसेंदिवस मरायला लावायचे, की येणाऱ्या-जाणाऱ्याच्या मनात पुन्हा तसला विचार येऊ नये. इ.स.पूर्व 71 मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्यावर 6,000 गुलामांना असे टांगले. हेरोद राजाच्या मृत्यूनंतर, इ.स.पूर्व 4 च्या सुमारास, यहूदी प्रदेशात उठाव झाले तेव्हा वारुस या रोमन सरदाराने सुमारे 2,000 माणसांना वधस्तंभावर चढवल्याचे इतिहासकार योसेफस सांगतो. येशू तेव्हा तान्हा असेल. ज्या गालीलात तो वाढला, तिथल्या घराघरात ही आठवण ताजी असणार. सिसेरोसारखा वकील म्हणत असे की क्रूस हा शब्दसुद्धा रोमन नागरिकाच्या कानावर पडू नये.

तेव्हा पहिल्या शतकातल्या माणसाला "वधस्तंभावरचा विजय" हे शब्द तुमच्यापेक्षा कितीतरी अधिक विचित्र वाटले असते. रोममध्ये पॅलाटाइन टेकडीवर भिंतीवर कोरलेले एक जुने चित्र सापडले आहे. वधस्तंभावर गाढवाच्या डोक्याचा माणूस, खाली हात वर केलेला एक भक्त, आणि मजकूर असा की अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतो आहे. कुणीतरी ख्रिस्ती सोबत्याची टर उडवली होती. लोक हसत होते, आणि पौलाने करिंथकरांना लिहिताना ते हसणे नाकारलेले नाही. यहूद्यांना अडखळण, हेल्लेण्यांना (ग्रीकांना) मूर्खपणा, हे त्याने कबूलच केले.

आता कलस्सै 2:15. पौल म्हणतो की देवाने सत्ता आणि अधिकार यांची शस्त्रे काढून घेतली, त्यांचे जाहीर प्रदर्शन मांडले आणि वधस्तंभावर त्यांच्यावर जयोत्सव केला. हे चित्र रोमन विजययात्रेचे आहे. लढाई जिंकून आलेला सेनापती रथात, त्याच्यापुढे लूट आणि साखळदंडात बांधलेले शत्रूचे सरदार, दुतर्फा जल्लोष. इ.स. 71 मध्ये यरुशलेम उद्ध्वस्त करून परतलेल्या तीत या रोमन सेनापतीची अशी मिरवणूक निघाली होती. मंदिरातला सोन्याचा दीपवृक्ष वाहून नेणारे सैनिक रोममधल्या तीतच्या कमानीवर आजही दिसतात. पौलाने हे चित्र उचलले आणि उलटे टांगले. नागवलेला, खिळलेला, फलक लावून प्रदर्शनात मांडलेला माणूस येशू होता. पौल म्हणतो, नीट पाहा, त्या दिवशी उघडी पडली ती त्याला टांगणारी सत्ता.

कशी उघडी पडली? त्या काळातला उत्तम कायदा रोमचा आणि उत्तम धर्म मोशेचा, आणि दोघांच्या अधिकाऱ्यांनी मिळून एका निर्दोष माणसाला मारले. पिलाताला तो निर्दोष आहे हे माहीत होते, तरी गर्दीला खूश करण्यासाठी त्याने बरब्बा या बंडखोर कैद्याला सोडले. (इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण ख्रिस्ती इतिहासात यावरून रक्त सांडले आहे: "यहूद्यांनी येशूला मारले" असे सरसकट म्हणू नका. शिक्षा रोमन, हुकूम रोमन सुभेदाराचा, आणि येशू, त्याची आई, त्याचे सर्व प्रेषित यहूदीच.) न्यायाच्या आणि देवाच्या नावाने चालणारी सत्ता न्यायाचा देणारा समोर उभा राहिल्यावर काय करते, ते दिसले. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात पौल म्हणतो की या युगाच्या अधिकाऱ्यांना कळले असते तर त्यांनी गौरवाच्या प्रभूला खिळलेच नसते. त्यांनी आपल्याच हाताने आपला मुखवटा काढला. पिलाताची खुर्ची पुढे इ.स. 36 च्या सुमारास गेलीच, पण ती शोमरोनी लोकांवर केलेल्या अत्याचारामुळे. त्याचा या विजयाशी संबंध जोडण्याचा मोह टाळा.

मार्काच्या 15 व्या अध्यायात हाच मुद्दा कथेतून येतो. सबंध तुकडी गोळा होते, जांभळा झगा, मुकुट, "यहूद्यांच्या राजा, तुझा जयजयकार" अशी सलामी, मग मिरवत नेणे, पोचल्यावर द्राक्षारस देऊ करणे, शेवटी उजवीकडे एक आणि डावीकडे एक. काही अभ्यासकांना यात रोमन विजययात्रेचा एकेक टप्पा दिसतो. "कवटीची जागा" या नावाचा संबंध ते थेट रोमच्या कॅपिटोल टेकडीशी जोडतात, तो मला ओढूनताणून वाटतो, पण एकूण निरीक्षण पटते. सैनिक थट्टा म्हणून राज्याभिषेक करताहेत आणि वाचकाला कळते की तो खराच आहे. याकोब आणि योहान या शिष्यांनी येशूच्या राज्यात मागितलेल्या उजव्या-डाव्या जागा शेवटी कोणाला मिळाल्या तेही मार्क दाखवतो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. दुष्टाईकडे माणसाला ताब्यात ठेवण्याची साधने फार नाहीत. एक आहे दोषारोप. ईयोबाच्या पुस्तकात सैतान देवासमोर उभा राहून माणसावर आरोप करतो. प्रकटीकरणाच्या 12 व्या अध्यायात तो "आमच्या बंधूंना दोष देणारा" आहे. त्याचे दुखणे असे की आरोप बरेचदा खरे असतात. आपण केलेले असते. म्हणून कलस्सैत 15 व्या वचनाच्या आधी 14 वे येते: आपल्याविरुद्ध असलेले ऋणपत्र देवाने खोडले आणि वधस्तंभाला खिळून टाकले. आरोपीवरचा कागदच उरला नाही तर फिर्यादी बोलणार कशाच्या जोरावर? विजयाबद्दल उत्साहाने बोलणारे पुष्कळ जण हे आधीचे वचन गाळतात आणि मग त्यांचा विजय नुसता आवाज होतो.

दुसरे साधन मरणाचे भय. इब्री 2:14-15 मध्ये म्हटले आहे की मरणावर सत्ता असलेल्याला, म्हणजे सैतानाला, येशूने मरणाद्वारेच निष्फळ केले आणि मरणाच्या भयाने जन्मभर दास्यात असलेल्यांना सोडवले. "जन्मभर दास्यात" हे शब्द मी अंत्यविधींच्या वेळी अनेकदा वाचतो. भय म्हणजे केवळ मरताना वाटते ते नव्हे. नोकरी जाईल, लोक वाळीत टाकतील, मुलांचे काय होईल, या सगळ्याच्या तळाशी तेच असते, आणि प्रत्येक जुलमी राजवट त्याच्यावरच चालते. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचा अथनेशियस याच खुणेवर बोट ठेवतो. पूर्वी सगळे मरणाला भीत, आता ख्रिस्ताचे अनुयायी, त्यातली मुले आणि स्त्रियासुद्धा, त्याला तुच्छ लेखतात. हे कुठून आले? येशूने इतके लाजिरवाणे मरण का पत्करले, यावर त्याने कुस्तीचा दाखला दिला आहे. खरा मल्ल आपला जोड स्वतः निवडत नाही, नाहीतर सोपा गडी बघून उतरला असे लोक म्हणतील. फडातले लोक ज्याला पुढे करतील त्याच्याशी तो लढतो. येशूने मरणाचा प्रकार निवडला नाही. शत्रूंनी जे सर्वात भयंकर ठरवले तेच अंगावर घेतले, म्हणजे मागे न हरवलेले असे मरण शिल्लक राहू नये. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही.

आणि एक साधन आहे, ते मला सर्वात घातक वाटते: समोरच्याला आपल्यासारखे करणे. दुष्टाईपुढे वाकलात तर ती जिंकते; तिच्याच हत्यारांनी तिला मारलेत तरीही तीच जिंकते, फक्त माणूस बदलतो. रानातल्या मोहात सैतानाने येशूला जगातली सगळी राज्ये देऊ केली होती. अट एकच, मला नमन कर; म्हणजे माझ्या पद्धतीने घे. गेथशेमाने बागेत, अटकेच्या वेळी, पेत्र या शिष्याने तलवार उपसली तेव्हा येशूने ती म्यान करायला लावली आणि म्हणाला की मागितले तर पित्याकडून देवदूतांच्या बारा सैन्यांहून अधिक मिळतील. मागितले नाही. खोटे बोलून सुटकाही करून घेतली नाही. पिलातासमोर सत्य सोडले नाही, आणि खिळे ठोकणाऱ्यांसाठी क्षमा मागितली. (लूक 23:34 मधली ती प्रार्थना काही अत्यंत जुन्या हस्तलिखितांत नाही, हे अभ्यासूंना ठाऊक असेल. पण पेत्राचे पहिले पत्र हीच गोष्ट आपल्या शब्दांत सांगते: निंदा होत असता त्याने उलट निंदा केली नाही.) दुष्टाईने आपल्याजवळचे सगळे त्याच्यावर रिकामे केले आणि त्याच्यातून तिला स्वतःची प्रतिमा मिळाली नाही. शुक्रवारी दुपारी, पुनरुत्थानाच्या आधीच, ती हरलेली होती.

मग रविवार कशासाठी? पौल म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ, तुम्ही अजून पापातच. मी त्यात काहीही कमी करत नाही. पुनरुत्थान हा वरच्या न्यायालयाचा निकाल आहे. खालच्या दोन न्यायालयांनी ज्याला ईश्वरनिंदक आणि बंडखोर ठरवले, त्याला देवाने प्रभू आणि ख्रिस्त केले, असे पेत्र पुनरुत्थानानंतर पन्नासाव्या दिवसाच्या सणाला यरुशलेमेत उभा राहून सांगतो. तो निकाल आला नसता तर शुक्रवारचा माणूस एक थोर हुतात्मा ठरला असता, आणि हुतात्मे पुष्कळ होऊन गेले. पण निकालाने शुक्रवार रद्द झाला नाही. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या. क्रूसावर मूर्ती असावी की तो रिकामा असावा यावर आमच्या प्रोटेस्टंट आणि कॅथलिक घरांत अधूनमधून रंगणारा वाद मला म्हणूनच फारसा महत्त्वाचा वाटत नाही.

इतिहासात या विजयाच्या स्पष्टीकरणाची गाडी एकदोनदा घसरली, तेही सांगायला हवे. येशूने स्वतःला "पुष्कळांसाठी खंडणी" म्हटले आहे. खंडणी दिली कोणाला, हा प्रश्न मग आला. चौथ्या शतकातल्या निस्साच्या ग्रेगरीने चित्र रंगवले की येशूचे माणूसपण हे आमिष आणि देवपण हा गळ. सैतानाने आमिष गिळले आणि गळात अडकला. त्याच्याच मित्राने, नाझियान्झसच्या ग्रेगरीने, सैतानाला खंडणी दिल्याच्या कल्पनेवर संताप व्यक्त केला: लुटारूला देव खंडणी देईल, आणि तीही स्वतःच्या पुत्राची? मी दुसऱ्या ग्रेगरीच्या बाजूने आहे. देव सैतानाचे देणे लागत नाही आणि फसवणूकही करत नाही. तरी पहिल्या ग्रेगरीच्या चित्रातला एक कण ठेवण्याजोगा आहे, तो हा की दुष्टाई हावरटपणाने मेली. जे तिच्या मालकीचे नव्हते त्यावर तिने हात टाकला.

1098 च्या सुमारास कँटरबरीचा आर्चबिशप आन्सेल्म याने विषय सैतानापासून हलवून देवाच्या मानाकडे आणि माणसाच्या कर्जाकडे नेला. पश्चिमेकडच्या चर्चने बव्हंशी तीच वाट धरली, आणि मिशनऱ्यांमार्फत महाराष्ट्रातल्या मंडळ्यांकडेही प्रामुख्याने तीच आली. 1930 च्या सुमारास स्वीडिश धर्मशास्त्रज्ञ गुस्ताफ आउलेन याने जुन्या मंडळीचा विजयाचा सूर पुन्हा पुढे आणला. त्याचे उपकार आहेत. पण त्याने दोन्ही बाजू इतक्या स्वच्छ वेगळ्या केल्या की एक निवडावीच लागेल असे वाटते. पौलाला तसे वाटले नाही. त्याने ऋणपत्र आणि विजययात्रा लागोपाठच्या दोन वचनांत ठेवली. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांनी तर हा सूर कधी सोडलाच नव्हता. त्यांचे पास्काचे (ईस्टरचे) स्तोत्र दरवर्षी हेच गाते की ख्रिस्त मेलेल्यांतून उठला आणि त्याने मरणाने मरणाला तुडवले.

आता तुमच्या दुसऱ्या भागाकडे, की जगात दुष्टाई अजून का. ऑस्कर कुलमान या अभ्यासकाने दुसऱ्या महायुद्धानंतर एक दाखला दिला, तो सेमिनरीत सगळ्यांना शिकवतात. 6 जून 1944 ला दोस्तांचे सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले तेव्हाच युद्धाचा कौल लागला, पण शरणागती आली 8 मे 1945 ला. मधल्या अकरा महिन्यांत माणसे मरतच होती. वधस्तंभ आणि ख्रिस्ताचे पुनरागमन यांच्यामधला काळ तसा. दाखला उपयोगी आहे, तरी मी तो जपून वापरतो. नॉर्मंडीचा विजय अधिक बंदुकांचा होता. वधस्तंभाचा विजय तसा असता तर तुमचा प्रश्न बिनतोड ठरला असता, कारण जास्त ताकदीने जिंकणाऱ्याने दोन हजार वर्षे उरलेल्यांना मोकळे का सोडावे? पण हा विजय माणसांना दोष, भय आणि सूड यांच्या तावडीतून एकेक करून सोडवत पसरतो. तो जबरदस्तीने पूर्ण करायचा तर देवाला रोमचीच पद्धत वापरावी लागेल. दुःख का आहे याचे पूर्ण उत्तर यात मिळत नाही, हे मी मान्य करतो. मूल गमावलेल्या आईला मी हा परिच्छेद वाचून दाखवणार नाही.

याच कारणाने, जिथे क्रूस तलवारीच्या मुठीला बांधला गेला तिथे काय झाले ते लपवू नये. 312 मध्ये कॉन्स्टन्टाइनने ख्रिस्ताच्या चिन्हाखाली रोमजवळची लढाई जिंकली आणि "या चिन्हाने विजय मिळव" ही कथा रूढ झाली. 1099 मध्ये क्रूस अंगरख्यावर शिवून गेलेल्यांनी यरुशलेमेत कत्तल केली. आपल्याकडे गोव्यात 1560 पासून 1812 पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडली तर, इन्क्विझिशन (चर्चचे धर्मन्यायालय) चालले. शिक्षा झालेल्यांची जाहीर मिरवणूक निघे आणि तिच्यात क्रूस असे. माणसे, फलक, जमाव, धर्म आणि राज्य यांची युती, सगळे मार्काच्या 15 व्या अध्यायातलेच. फक्त आपण पिलाताच्या बाजूला उभे होतो. "ते खरे ख्रिस्ती नव्हते" असे म्हणून हात झटकणे मला जमत नाही.

रोजच्या कामात मात्र मला वेगळ्या दोन चुका दिसतात. एक म्हणजे क्रॉसचा ताईत करणे. करणी झाली, बाधा झाली, म्हणून लोक येतात. घराच्या चौकटीवर क्रॉस ठोकून द्या, तेल मंतरून द्या म्हणतात. मी बसतो, ऐकतो, प्रार्थना करतो, आणि मग सांगतो की विजय लाकडात नाही, आणि ज्या शेजारणीवर तुमचा संशय आहे तिच्याशी वैर धरून बसलात तर सैतानाचे काम तुम्हीच करत आहात. झोप येत नसेल, आवाज ऐकू येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो. बरोबर जावे लागले तर जातो. प्रत्येक आजारात भूत शोधणाऱ्या सभांनी या शिकवणीचे फार नुकसान केले आहे. करणीच्या नावाखाली छळ आणि मारहाण करणे हा 2013 पासून महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, हेही बजावतो.

दुसरी चूक याहून वाईट. नवरा मारतो आणि मंडळीतले वडीलधारे बाईला सांगतात, "येशूने सोसले, तूही तुझा वधस्तंभ उचल." येशूने सोसले ते स्वेच्छेने, आणि त्या सोसण्याने जुलमी सत्ता उजेडात आली. बाईने गप्प बसून मार खाल्ला तर जुलूम झाकला जातो, म्हणजे वधस्तंभाच्या अगदी उलट घडते. पोलिसांत जाणे, घर सोडणे, आधार मागणे हे क्षमेच्या विरुद्ध नाही. क्षमा म्हणजे मी सूड घेणार नाही. तुझे पाप पाप नव्हते असा तिचा अर्थ होत नाही. माझ्या मंडळीत हे मी उत्तम शुक्रवारच्याच उपासनेत सांगतो, कारण त्या दिवशी त्या सगळ्या बायका बाकांवर असतात.

वाचायचे असेल तर मार्क 15 एका बैठकीत वाचा, मग कलस्सै 2:13-15, मग इब्री 2 चा उत्तरार्ध, आणि शेवटी प्रकटीकरण 5. त्या शेवटच्या अध्यायात योहान रडत असतो आणि स्वर्गातल्या वडीलमंडळापैकी एक त्याला सांगतो की यहूदा वंशाच्या सिंहाने जय मिळवला आहे. तो वळून पाहतो तर उभा असतो वधलेला कोकरा. पुढे त्या पुस्तकात युद्धे आहेत, पशू आहेत, बाबेलचा पाडाव आहे. पण येशूला सिंह हे नाव पुन्हा एकदाही दिलेले नाही, आणि कोकरा मात्र 25 हून अधिक वेळा म्हटले आहे.